शिंदीचं पाणी

पारूबाईच्या डोक्यावरची मोळी उतरवली ती नेमकी कुंभिवलीच्या फाट्यावर, एसटीसाठी माणसं खोळंबलेली असताना. जंगलखात्याचा गार्ड नवा होता आणि वयानं तिच्या मुलापेक्षा, सोमापेक्षाही लहान असावा. अरेरावी त्यानं काही केली नाही. "मावशी, खाली ठेवा जरा," एवढंच म्हणाला, आणि ते मावशी म्हणणंच तिला जास्त झोंबलं. शिवी दिली असती तर निदान तोंड सोडता आलं असतं.

तिनं मोळी ठेवली, दोर सोडला. गार्डानं एकेक लाकूड उचलून पाहिलं. ऐनाची, किंजळीची जाड लाकडं एका अंगाला टाकली, वाळक्या काटक्या दुसऱ्या अंगाला.

"वाळकं पडलेलं न्यायचं, मावशी. उभ्या झाडाला कोयता लावायचा नाही. आता कायदा कडक झालाय."

"काटक्यांवर भट्टी चालती का, सायेब?"

"ते मला नका विचारू. मला वरून हुकूम आहे."

एसटीची माणसं तोंडं फिरवून रस्त्याकडे बघत होती, म्हणजे सगळं बघत होती. पारूबाईनं काटक्या गोळा केल्या, दोर आवळला आणि मोळी डोक्यावर घेतली. जन्मभर ओझी वाहिलेली बाई. जड मोळीखाली तिची मान कधी कलली नव्हती. पण ती हलकी मोळी घेऊन रोजच्या रस्त्यानं जाणं तिच्या जिवावर आलं. ती बांधाबांधानं, बौद्धवाडीच्या मागच्या अंगानं घरी गेली.

घरामागं पेंढ्याच्या छपराखाली तिची भट्टी होती. हिवाळा लागला की तिचा नवरा धर्माजी संध्याकाळी बांधावरच्या शिंदीच्या झाडांवर चढायचा. दोरावर पाठ टेकून शेंड्याजवळ कोयतीनं पातळ साल काढायचा आणि रस आंबू नये म्हणून आतून चुना फासलेलं मडकं बांधून उतरायचा. रात्रभर मडक्यात थेंब थेंब नीरा पडायची. उजाडायच्या आत मडकी खाली आली, नीरा निवळली, गाळली, की पुढं पारूबाईचं राज्य. काहिलीत नीरा उकळायची, वर येणारी मळी काढायची, घट्ट होत आली की उलथण्यानं घोटत राहायचं, आणि नेमक्या क्षणी मातीच्या परळांत ओतायची. क्षण चुकला की गूळ एकतर चिकट राहतो नाहीतर करपतो. तिचा तो क्षण कधी चुकला नव्हता.

खोपोलीच्या बाजारात त्याला धर्माजीचा गूळ म्हणत. धर्माजीनं जन्मात काहिलीत उलथणं घातलं नव्हतं, पण नाव त्याचं. पारूबाईनं ते मनाला लावून घेतलं नाही. फक्त कुणी गुळाचं कौतुक करू लागलं की ती धर्माजीला मध्ये बोलू द्यायची नाही.

पूर्वी याच झाडांची ताडी निघायची. धर्माजीचा बाप ताडी काढायचा, विकायचा आणि उरलेली पोटात घालून ओट्यावर लोळायचा. छपन्न साली दीक्षा घेतली, पंचशील घेतलं, आणि म्हाताऱ्यानं त्याच आठवड्यात ताडीची सगळी मडकी अंगणात आणून फोडली. झाडं मात्र त्याच्यानं सोडवेनात. हातांना दुसरं काम ठाऊक नव्हतं. मग नीरेचं लायसन काढलं आणि गूळ सुरू झाला. पण म्हाताऱ्याचा स्वतःच्या जिभेवर भरवसा नव्हता. त्यानं घरात नेम घातला, की कच्ची नीरा कुणी जिभेला लावायची नाही. आज ताजी चाखाल, उद्या चढलेली चाखाल. आगीवरून उतरली की मग खुशाल खा.

नवी नवरी होऊन आलेल्या पारूबाईनं तो नेम उचलला आणि म्हातारा गेला तरी खाली ठेवला नाही. नीरा ती पारखायची डोळ्यांनी आणि नाकानं. नितळ ती ताजी, गढूळ ती चढायला लागलेली. गढूळ दिसली की खड्ड्यात. "माझ्या दारात मडकं कधी आंबलं नाय," हे ती इतक्यांदा आणि इतक्या तोऱ्यात सांगायची, की शेजारणी ते तिच्याआधीच म्हणून टाकायच्या.

त्या दिवशी मात्र आंबलं. काटक्यांनी अर्धी नीरा कशीबशी आटवली. उरलेली वाट बघत राहिली, ऊन चढलं, तिच्यावर पांढरा फेस धरला. पारूबाईनं ती परसातल्या खड्ड्यात ओतली, आणि आंबूस वास सगळ्या वाडीभर झाला. नेमका तेव्हाच आबाजी आला.

शिंदी आबाजीच्या भातशेताच्या बांधावर होत्या. माणूस वाईट नव्हता. झाडांचं भाडं म्हणून तो संक्रांतीला गुळाची एक मोठी ढेप घ्यायचा, दुसरं काही मागायचा नाही. ढेप घेऊन पारूबाई गेली की त्याची बायको भागूबाई आतूनच म्हणायची, "ठेव गं तिथं, ओट्यावर." पारूबाई वळली की मग त्या ढेपेवर पाणी शिंपडलं जायचं आणि ती आत जायची. पारूबाईला ते ठाऊक होतं. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. आबाजी स्वतः इकडे आला की छपराच्या बाहेर उभा राहायचा, आणि पाणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं.

"पाणी देऊ का, दादा?" पारूबाईनं आजही विचारलं.

"नको. आत्ताच पिऊन निघालो."

इतकी वर्षं हा माणूस आत्ताच पिऊन निघालेला होता. बौद्धवाडीत पाऊल टाकलं की त्याला तहान कशी ती लागतच नसे.

त्यानं नाक मुरडलं. "वास येतोय, धर्मा."

"लाकूड कमी पडलं," धर्माजी म्हणाला.

"आज कमी, तर उद्याबी कमीच. फाट्यावरचं आलंय माझ्या कानावर." आबाजी बोलताना त्यांच्याकडे न बघता झाडांकडे बघत होता. "खोपोलीचा लडकू दोनदा येऊन गेला. त्याला ताडीला झाडं पायजेत. मी त्याला नाय म्हणत आलो ते तुमच्याकडं बघून. पण नीरा वतूनच द्यायची, तर लडकूनं नेली काय नि खड्ड्यात गेली काय."

"लई फरक हाय," पारूबाई म्हणाली.

"असंल. संक्रांतीपत्तोर थांबतो मी. माझी ढेप आली तर झाडं तुमची. नाय आली तर मला बोल लावू नका."

तो गेल्यावर पारूबाई रिकामी मडकी धुवायला बसली. पोटाची तिला काळजी नव्हती. सोमा साजगावच्या एका कारखान्यात फिटर होता, घर त्याच्या पगारावर चाललं असतं. पण ज्या झाडांची ताडी तिच्या सासऱ्यानं स्वतःच्या हातानं बंद केली, त्यांचीच ताडी पुन्हा उतरणार आणि ती आपण आपल्या दारातून बघायची, हे तिला सोसणार नव्हतं. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला. संध्याकाळी सोमा आला तेव्हा तो सगळा त्याच्यावर निघाला.

सोमानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो सायकलच्या कॅरियरला एक लांबलचक पांढरं नळकांडं गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. हँडलला एक दांड्याचा लोखंडी पंप लटकावलेला.

"ह्ये काय रं? तोफ?" धर्माजीनं विचारलं.

"आरओ म्हणतात ह्याला. आमच्या बॉयलरचं पाणी ह्यातनं काढतात. जुना झाला म्हणून भंगारात गेला व्हता, फोरमनला इचारून आणला. ह्यातनं नीरा काढली की आटवायला अर्धीच राहती, आये."

"अर्धी राहती? मग अर्धी खातं कोण?"

"खात कोण नाय. आत पडदा हाय गुंडाळलेला. जोरात दाबलं की दोन वाटा व्हतात. थांब, दाखवतो."

त्यानं विहिरीच्या पाण्यानं नळकांडं आतून धू धू धुतलं. मग बादलीभर पाण्यात मूठभर मीठ कालवून आईला चाखायला दिलं. तिनं तोंड वाकडं केलं. सोमा पंपाच्या दांड्यावर ओणवा झाला. चांगला घाम निघाल्यावर नळकांड्याच्या टोकाच्या बारीक नळीतून पाणी ठिबकू लागलं आणि जाड नळीतून धार लागली. बारीक नळीचं पाणी पारूबाईनं चाखलं. मिठाची चव जवळजवळ नव्हती.

"बघितलंस? बारीक नळीतलं भांड्यात धरायचं, जाडीतलं गटारात," सोमा म्हणाला. कारखान्यात तो रोज हेच करायचा, हेच म्हणायचा. ते वाक्य त्याच्या तोंडून आपसूक निघालं. "माझी सकाळची पाळी हाय. तुमी दोघं करा. नीरा चांगली निवळू द्या, चुना आत गेला तर पडदा चोंदंल."

पहाटे थंडी मी म्हणत होती. धर्माजीनं मडकी उतरवली, नीरा निवळली, दुहेरी फडक्यातून गाळली. मग त्यानं पंपाचा दांडा धरला. झाडावर चढणाऱ्या माणसाचे दंड ते, पण थोड्याच वेळात तेही भरून आले. मग पारूबाईनं पदर खोचून दांडा हाती घेतला. आलटून पालटून दोघं हापसत राहिली. बारीक नळीतून लख्ख नितळ पाणी हंडीत पडत होतं. जाड नळीतून तपकिरी, गढूळ धार घमेल्यात येत होती.

"बघा कशी निवडती," पारूबाई हरखून म्हणाली. "चांगली इकडं, चढलेली तिकडं. तुमी मडक्याला चुना कमी लावलाव, म्हणून एवढी गढूळ निघाली."

"चुना बरोबर लावलाय." धर्माजी घमेल्याकडे बघत होता. "ह्याला गुळाचा रंग दिसतोय गं."

"गुळाचं तुमी मला सांगणार?"

धर्माजी पुन्हा दांड्याला लागला. घमेलं भरलं की ती खड्ड्यात रितं करत गेली. शेवटी काहिलीत नितळ हंडी ओतून तिनं जाळ घातला.

उकळी आली. मळी आली नाही. मळीच नाही इतकी निर्मळ, म्हणून ती आणखी खूश झाली. मग फेसही येईना. वासही येईना. ती उलथणं फिरवत राहिली, काटक्या सारत राहिली, आणि काहिलीतलं पाणी मुकाट्यानं कमी होत गेलं. जळण संपलं तेव्हा काहिलीचा तळ दिसत होता आणि तळावर नुसता पांढुरका पापुद्रा होता. तिनं उलथण्यानं खरवडून बघितलं. गुळाचा कण नव्हता.

तिची काहील आजवर रिकामी उतरली नव्हती. धर्माजी लांब जाऊन दोर गुंडाळत बसला. पारूबाईला वाटलं, नळकांड्यानं गोडी गिळली. वरवंटा उचलावा आणि नळकांड्याचे तुकडे करावे. तिनं तसं केलंही असतं, पण आधी काहील धुवायची होती. धुतलेलं पाणी टाकायला ती खड्ड्याकडे गेली.

खड्ड्याच्या कडेला काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. रांग कुडाच्या खालून निघाली होती ती थेट खड्ड्यात उतरत होती. वरती मधमाशा घोंघावत होत्या. मुंग्यांना घरचा नेम कुणी सांगितला नव्हता. त्यांनी चाखून बघितलं होतं.

पारूबाईनं भांडं खाली ठेवलं. मग ती नळकांड्यापाशी आली. जाड नळीच्या तोंडाशी एक तपकिरी थेंब लोंबत होता. तिनं तो बोटावर घेतला. धर्माजीची पाठ होती. तिनं बोट जिभेला लावलं.

इतकं गोड, की दाढेत कळ उठली.

"अवो," तिनं हाक मारली.

"काय?"

"म्या चाखली. कच्ची."

धर्माजी वळून बघत राहिला. हे असं काही तिच्या तोंडून ऐकू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "बाला काय वाटलं असतं," तो हळूच म्हणाला.

"बानं नेम घातला तो ताडी व्हऊ नये म्हणून. म्या चाखली ती गूळ व्हावा म्हणून. बा असता तर मीच सांगितलं असतं त्याला." आणि मग तिला हसू आलं. सगळा गूळ आपल्याच हातानं मुंग्यांना घातला होता, आणि नवऱ्यानं सांगितलेलंही ऐकलं नव्हतं. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

दुपारी सोमा आला तेव्हा त्यानं खड्डा बघितला आणि कपाळावर हात मारला. "अगं आये, कारखान्यात पाणी ठेवायचं नि मागचं टाकायचं. हितं पाणी टाकायचं नि मागचं ठेवायचं. एवढं सांगायचं राहिलं बघ."

"मुंग्यांनी सांगितलं," पारूबाई म्हणाली. "तू जेव आता."

दुसऱ्या पहाटे नळ्यांखालची भांडी अदलाबदल झाली. जाड नळीतून आलेली नीरा त्यांनी पुन्हा एकदा नळकांड्यातून काढली. ती मधासारखी दाट नव्हती, पण नेहमीच्या नीरेपेक्षा पुष्कळ जड होती. ओतताना हाताला कळत होतं. काहिलीत पडली तीच मुळी निम्म्याहून कमी. थोड्या काटक्यांत उकळी आली, मळी आली, आणि मग तो ओळखीचा, खरपूस वास छपरातून बाहेर गेला. पारूबाईनं उलथणं उचललं, तार बघितली आणि परळ पुढं ओढले. सूर्य आंब्याच्या वर यायच्या आत भट्टी निवली होती. एकही मडकं वाट बघत आंबलं नव्हतं.

मग रोज तसंच सुरू झालं. दोघांचे दंड सुजले, तळहाताला नवे फोड आले आणि फुटले. पडदा एकदा चोंदला तेव्हा सोमानं सुट्टीचा दिवस घालवून तो धुतला. पण गूळ पडत राहिला. एक दिवस पारूबाई फाट्यावरून मोळी घेऊन येत होती. गार्डानं हात करायच्या आत तिनं आपण होऊन मोळी उतरवली आणि दोर सोडला.

"बघा सायेब. सगळं वाळकं."

"एवढंच?" गार्डानं विचारलं. "एवढ्यात भट्टी चालते?"

"माझी चालती," ती म्हणाली, आणि भर रस्त्यानं, एसटीच्या माणसांसमोरून, मान ताठ ठेवून घरी गेली.

भोगीच्या दिवशी मोठी ढेप तयार झाली. सोमाला सुट्टी होती, तो पंपावर धर्माजीला हात देत होता. सोनेरी तांबूस, हात फिरवला तर गुळगुळीत. पारूबाई ती पाटावर ठेवून फडकं शोधत होती, तर आबाजीच येऊन छपराबाहेर उभा राहिला. त्यानं ढेप बघितली, नळकांडं बघितलं. त्याचा चेहरा काही खुलला नाही.

"लडकू सांगत व्हता," तो म्हणाला, "ह्ये नळकांडं नीरेची गोडी काढून घेतं म्हणं. गोडी पाण्याबरोबर जाती, मागं नुसता रंग. तसला गूळ मी तिळगुळात कसा घालू? सगळ्या गावाला वाटायचाय."

"गूळ खाऊन बघा की."

"गूळ गोड लागंलच गं. वरून साखर घातली असली तर कुणी सांगावं? गोडी पाण्यात गेली का नाय, ते कसं कळणार?"

साखर घातली हे शब्द पारूबाईच्या काळजाला लागले. पण ती रागावली नाही. ती वळली. बारीक नळीखाली सकाळच्या पाण्यानं भरलेली हंडी होती. तिनं घरातून चिंचेनं घासलेला तांब्याचा तांब्या आणला, हंडीत बुडवला आणि आबाजीपुढं धरला.

"ह्ये घ्या. ह्येच ते पाणी. चाखा."

पंपाच्या दांड्याचा आवाज थांबला. धर्माजी खाली जमिनीकडे बघू लागला. आबाजीनं तांब्याकडे बघितलं, मग मागं रस्त्याकडे.

"सोमाला चाखू दे ना. तो सांगंल."

"सोमा आमचा. त्याची जीभ तुमाला कशी पटंल, दादा?"

तिचा हात पुढंच होता. तांब्या जड होता, पण हात हलला नाही. तिला दीक्षेचा दिवस आठवला नाही की आबाजीच्या ओट्यावर शिंपडलेलं पाणी आठवलं नाही. तिच्या मनात एवढंच होतं, की माझ्या गुळाची गोडी माझ्या गुळात आहे आणि ती या माणसाला कळली पाहिजे.

आबाजीनं तांब्या घेतला. आधी ओंजळीत थोडं पाणी घेऊन जिभेला लावलं. एवढ्याशानं काही कळलं नाही. मग त्यानं मान वर केली आणि तांब्या तोंडाला लावला. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. अर्धा तांब्या संपला.

"फिकं," तो म्हणाला. तोंड पुसलं. "नुसतं पाणी. गोडीचं नाव नाय."

"मग गोडी गेली कुठं?"

आबाजीनं पाटावरच्या ढेपेकडे बघितलं. तो छपराखाली आला, गुडघ्यावर बसला आणि ढेपेच्या कडेचा एक खडा मोडून तोंडात टाकला. खडा त्यानं जिभेवर पुरता विरघळू दिला.

"लडकूला सांगतो," तो म्हणाला. "झाडं मोकळी नायत."

धर्माजीनं दांडा पुन्हा धरला, पण हापसायचं त्याला सुचेना. पारूबाईला आपला आनंद लपवता येईना आणि तिनं तो लपवलाही नाही. इतक्या वर्षांचा गूळ, सासऱ्याचा नेम, सुजलेले दंड, सगळं त्या एका वाक्यात वसूल झालं होतं. आबाजी ढेप फडक्यात बांधू लागला. आज ती तो स्वतःच नेणार होता. तांब्या त्यानं शेजारी पाटावर ठेवला होता, अर्धा रिकामा. पारूबाईनं तो उचलला आणि हंडीकडे जाता जाता विचारलं,

"आत्ताच पिऊन निघाला असाल ना घरनं?"

आबाजीचे हात गाठीवर थांबले. सोमानं तोंड फिरवून हसू दाबलं.

"निघालो व्हतो," आबाजी म्हणाला. "पण लांबून आलो."

आबाजीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पारूबाईनं तांब्या काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला.